आश्रमशाळेतील मूल कुणाच्या हवाली?

ऑगस्ट २०२४ च्या पहिल्या आठवड्यात डहाणू आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील वीसच्या आसपास आश्रमशाळांत एकाच वेळी मुले आजारी पडली. उलट्या, मळमळ, पोटदुखी, चक्कर. बाधितांचा आकडा अडीचशेच्या घरात गेला आणि परिसरातील निरनिराळ्या सरकारी रुग्णालयांत मुलांना दाखल करावे लागले. या सर्व शाळांत एक गोष्ट समान होती. त्यांचे जेवण पालघर तालुक्यातील कांबळगाव येथील मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून आले होते. मुले बरी झाली, अन्नाचे नमुने तपासणीस गेले, चौकशीची भाषा झाली आणि बातमी पहिल्या पानावरून आतल्या पानावर गेली.

अशा चौकशीतील प्रश्न ठरलेले असतात. भाजी शिळी होती काय? भांडी स्वच्छ होती काय? आचारी कोण होता? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत आणि दोषी असेल त्याला शिक्षाही झाली पाहिजे. परंतु एका ठिकाणी बिघडलेले अन्न एकाच दिवशी वीस शाळांतील मुलांच्या ताटात पडू शकते, अशी व्यवस्था मुळात कोणी आणि कशासाठी उभारली, हा प्रश्न चौकशीच्या कक्षेत कधीच येत नाही. खालचा नोकर निलंबित होतो, धोरण जागच्या जागी राहते. आणि जोवर धोरणाचा जाब विचारला जात नाही, तोवर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेविषयी निघणारी परिपत्रके मुलांपेक्षा खात्याच्याच बचावासाठी निघतात, असे म्हणणे भाग आहे.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील मुलांनी गेल्या काही वर्षांत समुद्र, जमीन आणि अन्न या तिन्हींकडून संकट पाहिले आहे. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या किनाऱ्याजवळ कनिष्ठ महाविद्यालयाच्या सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली होडी उलटली आणि तीन मुलींचा बुडून मृत्यू झाला. मुलांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीच्या भूभागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. धुंदलवाडी परिसर त्यांचे केंद्र बनला. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एका दिवसात अनेक धक्के बसले, त्यांतील मोठा धक्का चार रिश्टरच्या वर होता, आणि घराबाहेर पळताना पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा अंत झाला. त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आली, तंबू लागले, ऐन थंडीत माणसे आणि शाळकरी मुले उघड्यावर झोपू लागली. पहिला धक्का आणि तंबू यांच्यामध्ये जवळजवळ तीन महिने गेले होते.

या घटनांची कारणे निराळी आहेत. समुद्राचा दोष आश्रमशाळेवर टाकता येत नाही आणि भूकंप कोणाच्या आदेशाने होत नाही. तथापि तिन्ही ठिकाणी एकच जागा रिकामी दिसते. मुलांना जाकिटांशिवाय होडीत बसू देणार नाही, असे बजावणारा जबाबदार माणूस किनाऱ्यावर नव्हता. शाळेच्या इमारतीची भिंत धोक्याची आहे की नाही हे पाहून मुलांना आजपासून बाहेर झोपवा, असे ठरवण्याचा अधिकार असलेला माणूस धुंदलवाडीच्या शाळेत नव्हता; तो अधिकार वरच्या कार्यालयात होता. आणि दुरून आलेले जेवण परत पाठवून येथेच खिचडी शिजवा, असे सांगू शकेल असा मुख्याध्यापक किती आश्रमशाळांत आहे, हे खात्याने एकदा छातीवर हात ठेवून सांगावे. मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न अखेर या रिकाम्या जागेचा प्रश्न आहे.

आश्रमशाळा का निर्माण झाल्या

या भूमीत मुलाला शाळेपर्यंत आणणे हीच एके काळी लढाई होती. १९४५ च्या मे महिन्यात झरी येथे भरलेल्या परिषदेत वारल्यांनी वेठबिगार करणार नाही अशी शपथ घेतली, तेव्हा त्या वेठीत केवळ प्रौढ माणसे नव्हती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी बाप लग्नगडी होई, बायको सावकाराच्या घरी राबे आणि पोर त्याची गुरे राखी. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या उठावाने, आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाडा येथील गोळीबारात प्राण दिलेल्या जेठ्या गांगड व त्याच्या सोबत्यांनी, त्या पोराच्या हातातील काठी सोडवली. पाटी हातात येण्यास मात्र आणखी काळ लागला.

त्याच १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे वाढवले. मूल शाळेत येत नाही तर शाळेनेच मुलाकडे जावे, हा त्यांचा विचार होता. त्यातून अंगणातली शाळा निघाली, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा निघाली, दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा निघाली. आज देशभर रुळलेल्या अंगणवाडीची कल्पना याच मातीतील प्रयोगांतून आलेली आहे. या प्रयोगांत मुलाचे नाक पुसणे, केस विंचरणे, खरजेला औषध लावणे आणि त्याला अक्षर शिकवणे ही एकाच बाईची कामे होती. मुलाचे आरोग्य एका खात्याकडे, जेवण दुसऱ्या कंत्राटदाराकडे आणि शिक्षण तिसऱ्या तासिकेकडे, अशी वाटणी तेथे नव्हती.

आश्रमशाळेची कल्पनाही मुळात याच जातीची होती. गुरू आणि शिष्य एका छपराखाली राहतील, मूल घरापासून दूर असले तरी पोरके असणार नाही, असे तिच्या नावातच अभिप्रेत आहे. १९७२-७३ पासून राज्य सरकारने ही योजना मोठ्या प्रमाणावर हाती घेतली. आज महाराष्ट्रात सुमारे पाचशे शासकीय आणि त्याहून काहीशा अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत आणि लाखो आदिवासी मुले त्यांत राहतात. या शाळांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पाड्यावरचा पहिला शिक्षक, पहिली परिचारिका, पहिला ग्रामसेवक आणि चळवळीतले कितीतरी कार्यकर्ते या शाळांतूनच आले आहेत. म्हणूनच या शाळांच्या आजच्या अवस्थेबद्दल बोलणे टाळता येत नाही.

साध्या शाळेत मूल पाच-सहा तास असते. संध्याकाळी ते घरी जाते. आईला कपाळ तापलेले कळते. आश्रमशाळेतील मूल वर्षातील बहुतेक दिवस चोवीस तास सरकारच्या ताब्यात असते. दाखल्याच्या दिवशी आईबाप जे पोर मागे ठेवून जातात, त्याचे पालकत्व सरकार स्वीकारते. पालकत्व स्वीकारल्यावर पुस्तके, गणवेश आणि इमारत दिली म्हणजे कर्तव्य संपले, असे कोणताही बाप म्हणू शकत नाही. सरकारलाही ते म्हणता येणार नाही.

दूर नेलेली चूल

मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या बाजूने जे सांगितले जाते ते निरर्थक नाही. जुन्या आश्रमशाळांतील स्वयंपाकघरे धुराने काळवंडलेली होती, धान्यात किडे निघत, तेल आणि डाळ वाटेत गळत, आणि या गळतीचे वाटेकरी गावापासून प्रकल्प कार्यालयापर्यंत असत. यंत्राने पोळी लाटली, वाफेवर भात शिजला आणि सगळा हिशेब एका ठिकाणी राहिला तर चोरी थांबेल व ताट सुधारेल, असा विचार गेल्या दशकाच्या मध्यात पुढे आला. विचार चांगला होता. पण चोरी थांबवण्यासाठी चूलच दूर नेण्याचा उपाय म्हणजे, घरात उंदीर झाले म्हणून घरच्यांनी दुसऱ्याच्या ओसरीवर जेवायला जावे, असा झाला.

शिजलेले अन्न साठ अंशांखाली उतरले की त्यात जंतूंची वाढ सुरू होते. पालघरच्या पावसाळी दमट हवेत ती अधिक वेगाने होते. भल्या पहाटे शिजवलेले जेवण डब्यांत भरून, घाटाच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यांनी, महामार्गावरील वाहनांच्या रांगांतून दूरच्या शाळेत पोचेपर्यंत किती वेळ जातो, याचा हिशेब वातानुकूलित कार्यालयात होऊ शकत नाही. आणखी एक गोष्ट आहे. शाळेतल्या चुलीवर स्वयंपाक करणारी बाई बहुधा त्याच पाड्यातली असे. तिची भाची, पुतणी त्याच पंगतीत जेवायला बसे. भाजीला वास येतो हे तिला कोणत्याही प्रयोगशाळेआधी कळे. मध्यवर्ती स्वयंपाकगृहाने या बाईची रोजी घेतली आणि त्याबरोबर तिचे नाकही घेतले.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळून २३ मुले दगावली. ते जेवण शाळेतच शिजलेले होते, म्हणून स्थानिक चूल आपोआप सुरक्षित ठरते असे कोणी समजू नये. परंतु तेथे विष एका शाळेत राहिले. चूल मध्यवर्ती झाली की चूकही मध्यवर्ती होते. गंडामननंतर देशभर शिक्षकाने आणि पालकाने जेवण आधी चाखावे या दंडकावर भर देण्यात आला. आधी चाखण्याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा चाखणाऱ्याला ‘हे वाढू नका’ असे म्हणता येते आणि वाढण्यासाठी दुसरे काही उपलब्ध असते. ज्या शाळेत चूलच उरलेली नाही, तेथे चाखणाऱ्यापुढे दोनच मार्ग उरतात. मुलांना ते अन्न द्यावे, किंवा उपाशी ठेवावे.

वसतिगृहांत तर सरकार याच्याही पुढे गेले. २०१८ मध्ये शहरांतील आदिवासी वसतिगृहांच्या खाणावळी बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यात टाकण्याचा निर्णय झाला. त्याविरुद्ध त्या वर्षी जुलैमध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले आणि त्यांना पोलिसांनी वाटेत अडवले. आश्रमशाळेतील चूल दूर गेली, वसतिगृहातील चूल विझली. दोन्ही निर्णयांची दिशा एकच आहे. मुलाला जेवू घालण्याची जबाबदारी सरकारच्या अंगावरून उतरवून ती वाहनावर, बँकेवर किंवा खुद्द मुलावर टाकणे, ही ती दिशा होय.

परिपत्रके आणि कॅमेरे

कायद्यांची उणीव या देशात कधीच नव्हती. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला आग लागून ९४ मुले जळून मेली. त्यानंतर चाललेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्टपणे सांगितले की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस आणि मानसिक छळास बंदी केली. २०१२ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा आला. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश निघाला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन लहान मुलींवरील अत्याचार उघडकीस आला, तेव्हा या समित्यांपैकी कितीतरी कागदावरच असल्याचे सरकारच्याच ध्यानात आले आणि पुन्हा नवा आदेश निघाला. त्यात कॅमेऱ्यांवर मोठा भर होता.

कॅमेरा निरुपयोगी आहे असे नाही. तो घडलेले दाखवतो. पण ज्या शाळेत रात्री वीज जाते, तेथे तो काय दाखवणार? न्हाणीघर दूर आणि दाराला कडी नाही, तेथे तो कोठे लावणार? आणि ज्या मुलीला काही सांगायचे आहे, तिने कॅमेऱ्याला काय सांगायचे? तिला तिच्या बोलीत बोलणारी, तिच्यावर विश्वास ठेवणारी आणि उद्याही त्याच जागी असणारी बाई हवी. वारली बोलणारी मुलगी सहा महिन्यांसाठी आलेल्या परक्या बाईपुढे तोंड उघडत नाही. २०१६ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील पाळा येथील अनुदानित आश्रमशाळेतील अत्याचार उघड झाले तेव्हा मुली सुटीत घरी गेल्यावर बोलल्या, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. शाळेत ऐकणारे कोणी नव्हते.

त्याच वर्षी राज्यपालांनी नेमलेल्या डॉ. सुभाष साळुंके समितीने आश्रमशाळांतील मृत्यूंसंबंधी आपला अहवाल सादर केला. राज्यातील आश्रमशाळांत दीड दशकात शेकडो मुले मृत्युमुखी पडली होती आणि त्यांपैकी अनेकांच्या मृत्यूचे नेमके कारणही नोंदले गेलेले नव्हते. मूल मेले, आणि कशाने मेले हे लिहून ठेवण्याचीही कोणाला गरज वाटली नाही! शहरातील एखाद्या नामांकित निवासी शाळेत असे एक मूल गेले असते तर विधिमंडळ बंद पडले असते.

रात्री जागणारा माणूस

या सर्व चर्चेत एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. डहाणू तालुक्यात सर्पदंश ही पावसाळ्यातील नेहमीची आपत्ती आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्थेने येथे त्याचा अभ्यास केला आहे. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिच्या दंशाची वेदना फारशी होत नाही, सूजही येत नाही. मूल पोट दुखते म्हणून उठते, उलटी करते, पापण्या जड होतात, आणि काही तासांत श्वास थांबू लागतो. वेळेवर प्रतिविष मिळाले आणि श्वासोच्छ्वासाला यंत्राचा आधार मिळाला तर मूल वाचते.

आता अशा मुलाला आश्रमशाळेत काय काय हवे, याची यादी करावी. जमिनीवरची सतरंजी काढून पलंग हवा. मच्छरदाणी हवी. दिवा हवा. मध्यरात्री पोटदुखीची तक्रार ऐकल्यावर ‘झोप, सकाळी बघू’ असे न म्हणता पापणीकडे पाहणारा अधीक्षक किंवा अधीक्षिका हवी. जवळ वाहन हवे आणि ते न विचारता काढण्याचा अधिकार हवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रतिविष आणि ते देणारा डॉक्टर हवा. आज या दोन तालुक्यांतील अत्यवस्थ रुग्णाला बहुधा सिल्वासा किंवा वलसाड गाठावे लागते. म्हणजे महाराष्ट्राच्या मुलाचा जीव वाचवण्याचे काम शेजारच्या प्रदेशाकडे सोपवलेले आहे. या यादीतील पलंग आणि दिवा विकत मिळतो. पापणीकडे पाहणारा माणूस मात्र नेमावा लागतो, शिकवावा लागतो आणि टिकवावा लागतो.

आणि सरकारने नेमका हा माणूसच काढून टाकण्याचे ठरवले आहे. आश्रमशाळांत वर्षानुवर्षे हजारो शिक्षक, स्वयंपाकी, कामाठी आणि चौकीदार रोजंदारीवर वा तासिका तत्त्वावर राबत आले. मुलांची नावे, त्यांचे आजार, त्यांचे गाव आणि त्यांची भीती या लोकांनाच ठाऊक. २०२५ मध्ये आदिवासी विकास विभागाने शासकीय आश्रमशाळांतील १७९१ शिक्षकपदे बाह्यस्रोतातून, म्हणजे कंत्राटदार कंपनीमार्फत, भरण्याचा मार्ग धरला. त्याविरुद्ध त्या वर्षीच्या जुलैपासून या कर्मचाऱ्यांनी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड मांडले. भर पावसात रस्त्यावर बसलेल्या या माणसांची मागणी आपल्या पोटापुरती आहे, असे अनेक सभ्य लोकांनी मनात म्हटले असेल. ती मागणी मुलांच्या सुरक्षिततेची होती, हे त्यांनी ध्यानात घेतले नाही. कंपनीने पाठवलेल्या माणसाची निष्ठा कंपनीशी असते, त्याची हजेरी कंपनी घेते, त्याला काढतेही कंपनी. मुख्याध्यापकाला तो उत्तरदायी नाही आणि पालकाला तर तो ओळखतही नाही. अशा माणसावर मध्यरात्रीचा भरवसा कोणी ठेवावा?

तीन आक्षेप

पहिला आक्षेप पैशाचा. एवढी कायम माणसे नेमायची तर तिजोरीला परवडणार नाही, असे सांगितले जाते. डहाणू तालुक्याच्याच किनाऱ्यावर वाढवण येथे ७६ हजार कोटींहून अधिक खर्चाचे बंदर मंजूर झाले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. त्याच महिन्यात त्याच तालुक्याच्या आश्रमशाळांतील मुले सलाइन लावून पडली होती. बुलेट ट्रेनचे खांब तलासरीच्या शेतांतून उभे राहतात. या प्रदेशात खर्च करायला पैसा नाही असे जो म्हणतो, त्याने हे खांब मोजावेत. पैसा आहे, तो कोणासाठी आहे एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप पालकांवर. आईबाप पोरे टाकून निघून जातात, वर्ष वर्ष डोकावत नाहीत, मग एकट्या शाळेला दोष का द्यावा? दिवाळी झाली की डहाणू-तलासरीतील कुटुंबे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातात. पुरुष वापीच्या कारखान्यांत जातात, कोणी गुजरातच्या मच्छीमार होड्यांवर खलाशी म्हणून जातात आणि त्यांतले काही सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात. तलासरी तालुक्यात दर दहांतील सुमारे नऊ माणसे आदिवासी आहेत आणि वरकस जमिनीच्या तुकड्यावर त्यांचे चार महिनेही निघत नाहीत. पोराला भट्टीवर न नेता शाळेत ठेवणारा बाप बेजबाबदार नाही. त्याने आपल्या परीने सर्वांत जबाबदार निर्णय घेतलेला असतो. त्याच्या त्या विश्वासाचा भंग दुसऱ्या पक्षाकडून होतो.

तिसरा आक्षेप मित्रांकडून येतो, म्हणून त्याचा विचार अधिक गंभीरपणे केला पाहिजे. आश्रमशाळा हीच मुळात चूक आहे, मुलाला आई, बोली आणि रान यांपासून तोडणारी ही कोंडवाड्यासारखी व्यवस्था आहे, ती मोडून पाड्यापाड्यावर चांगली शाळा काढावी, असे ते म्हणतात. अंतिम ध्येय म्हणून हे मान्य करण्यास हरकत नाही. कोसबाडने तोच मार्ग दाखवला होता. परंतु पाड्यावर बारमाही काम निर्माण झाल्याशिवाय पाड्यावर बारमाही मूल राहणार नाही. रोजगाराची हमी, वनहक्काची जमीन आणि पाण्याची सोय न करता उद्या आश्रमशाळा बंद केल्या तर मुले आईच्या कुशीत जाणार नाहीत, ती भट्टीवर जातील. आणि ‘बंद करा’ ही घोषणा ऐकायला तयार बसलेले लोक मंत्रालयात आहेत. कमी पटाच्या शाळांवर त्यांचा डोळा आहेच.

कार्यकर्त्यांपुढील काम

येथे चळवळीनेही आपल्या कामाचा हिशेब मांडला पाहिजे. जमिनीसाठी, वनहक्कांसाठी, रेशनसाठी या तालुक्यांतील माणसांनी कितीदा मोर्चे काढले. मार्च २०१८ च्या नाशिक ते मुंबई पायी मोर्चात येथलेही शेतकरी होते. परंतु आश्रमशाळेच्या फाटकापाशी मोर्चा जातो तो बहुधा मूल मेल्यानंतर. मधल्या काळात शाळा मुख्याध्यापकावर, प्रकल्प अधिकाऱ्यावर आणि नशिबावर सोडलेली असते. विद्यार्थ्यांचे प्रश्न विद्यार्थी संघटनेने पाहावेत, कर्मचाऱ्यांचे कामगार संघटनेने आणि पालकांचे किसान सभेने, अशी वाटणी शत्रूच्या सोयीची आहे. आश्रमशाळेत हे तिन्ही वर्ग एकाच छपराखाली आहेत.

कायद्याने हातात दिलेली हत्यारेही गंजत पडली आहेत. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा क्षेत्रातील ग्रामसभा आणि पंचायतींना सामाजिक क्षेत्रांतील संस्था व तेथील कर्मचारी यांच्यावर नियंत्रणाचा अधिकार दिला आहे. आश्रमशाळा ही अशी संस्था नव्हे काय? शिक्षणहक्क कायद्याने शालेय व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. भट्टीवर गेलेला पालक सभेला येऊ शकत नाही हे खरे; म्हणून सभा होळी-दिवाळीला, माणसे पाड्यावर असताना घ्यावी, आणि सभेच्या दिवसाची मजुरी सरकारने द्यावी, अशी मागणी केली पाहिजे. आमदाराला सभेचा भत्ता मिळतो, मग विटा थापणाऱ्या आईला का मिळू नये?

मागण्या थोड्या आणि मोजता येतील अशा असाव्यात. प्रत्येक आश्रमशाळेत कायम नेमणुकीची अधीक्षिका, आणि ती शक्यतो त्या भागाची बोली जाणणारी, प्रत्येक शाळेत राहणारी परिचारिका, शाळेच्या आवारात चालू चूल, पाड्यातल्या बायकांच्या बचत गटाकडे तिचे काम, आणि बाहेरचे अन्न नाकारण्याचा लेखी अधिकार, प्रत्येक मुलाला पलंग आणि मच्छरदाणी, रात्रीसाठी वाहन, दाखल्याच्या वेळी आणि नंतर दर सत्रात आरोग्य तपासणी, तीत सिकलसेलचीही, भूकंपप्रवण गावांतील प्रत्येक शाळा-इमारतीची अभियंत्याकडून तपासणी आणि तिचा निकाल फाटकावर लावलेला, प्रत्येक मृत्यूचे शवविच्छेदन आणि त्याचा अहवाल ग्रामसभेपुढे, आणि बाह्यस्रोतातील भरती रद्द करून वर्षानुवर्षे राबणाऱ्यांना कायम करणे. यांतील एकही गोष्ट क्रांतीची वाट पाहत थांबणारी नाही.

जूनच्या मध्यास शाळा उघडतात. पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन आईबाप मुलांना सोडायला येतात, त्या दिवशी प्रत्येक शाखेचे दोन कार्यकर्ते आपल्या भागातील आश्रमशाळेच्या फाटकावर असले पाहिजेत. त्यांनी भाषण करू नये. एक वही न्यावी. अधीक्षिका आहे काय, ती कायम आहे की कंत्राटी, रात्री कोठे झोपते, चूल पेटते काय, पलंग किती आणि मुले किती, जवळच्या केंद्रात सापाचे औषध आहे काय, या प्रश्नांची उत्तरे पालकांसमक्ष लिहून घ्यावी आणि ती वही पुढच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. जेथे उत्तर मिळणार नाही तेथे दुसऱ्या आठवड्यात दोनांचे वीस होऊन जावे. ज्यांनी वेठीच्या काळात सावकाराच्या वहीतले खोटे आकडे फाडले, त्यांच्या नातवंडांनी आता आपली वही उघडावी.